बोट वर येईपर्यंत

यंदा माझा चेंडू लेगला जातो.
दरवेळी नाही, सहातले दोन.
पण अंडरआर्मच्या तीन ओव्हरांच्या मॅचमध्ये
दोन वाईड म्हणजे काय
ते धोपाव्याच्या पोरांना विचारा,
बक्षिसाचा बोकड त्यांनी नेला.

आधी वाटलं, चेंडूच हलका आला.
मग वाटलं चप्पल. मग हॅलोजनचा उजेड, डाव्या डोळ्यात.
रघुवीर डोर्लेकर, आमचा कीपर, म्हणाला,
"वय झालं तुझं, पावशा."
एकोणचाळीस.
खांदा काय बिजागरी आहे? पण कुरकुरतो तसाच.

दाभोळच्या धक्क्यामागे, सुकट वाळत घालतात त्या ओट्यावर
चुन्याची रेघ मारली, समोर माशांची एक पेटी उभी केली,
आणि रोज शेवटच्या फेरीनंतर शंभर चेंडू.
पाय जुळवून. पाय फाकवून.
अंगठा पेटीकडे, अंगठा किंचित ऑफला,
गुडघा वाकवून, फारच वाकवून.
वही घातली. बायकोला वाटलं उधारीची,
उघडली तर आत नुसती पावलं काढलेली.

कासमभाई परकार, आमच्या फेरीबोटीचे तांडेल,
नमाज आटपून तिथेच बिडी ओढत बसतात.
चार संध्याकाळ बघत होते.
पाचव्या दिवशी म्हणाले,
"सकाळी दोर फेकतो तो कोण? तूच ना?"

दोर मी अकरा वर्षं फेकतोय.
बोट धक्क्याला लागते, मी कठड्याशी,
मनगटाएवढा दोर मागे नेतो, पुढे सोडतो,
फास खुंटावर.
उधाणात चुकला नाही, भांगात चुकला नाही.

"तिथे तू थांबतोस," ते म्हणाले.
"हात मागे गेला की थांबतोस.
बोट लाटेवर वर येते, मग सोडतोस.
इथे जमीन वर येत नाही,
म्हणून तुला वाटतं, थांबायचं कशाला.
पाय टेकायच्या आत हात निघून जातो तुझा,
आणि कंबर धावते मागून
एसटी सुटल्यासारखी."
बिडी विझली होती. पेटवली. उठून गेले.

मग मी जमिनीला लाट दिली.
हात मागे, जिथे तो आपणहून थांबतो तिथवर.
डावं पाऊल वीतभर बाहेर,
कारण डेकवर मी तसाच उभा असतो,
हे मला ठाऊकच नव्हतं.
वजन मागच्या टाचेवर.
खाडी फुगते.
फुगू दे.
अजून.
बोट वर येते, बोट सुटतं,
पेटी मधोमध.

शंभरातले एकसष्ट लागले. वहीत आहे.

रविवारी अंजनवेलविरुद्ध
पहिल्याच चेंडूला मी इतका थांबलो
की माईकवरचा पोरगा म्हणाला,
"गोलंदाज बहुधा भरतीची वाट बघतायत."
मैदान हसलं.
चेंडू सरळ गेला, खाली राहिला,
स्टंप उडाला नाही, नुसता कलला,
आणि कललेला स्टंप आऊट की नॉटआऊट
यावर पाऊण तास भांडण.
ते अजून मिटलेलं नाही.

सोमवार. पहिली फेरी, साडेसहा.
खाडी तेलासारखी. धक्क्यावर दोन रिक्षा,
दुधाचे कॅन, कॉलेजच्या मुली.
मी कठड्याशी, दोर हातात.
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं
माझा डावा पाय कुठे आहे,
हात किती मागे गेलाय,
खांदा नेमका कधी उघडतोय.

फास पाण्यात पडला.

कासमभाईंनी इंजिन मागे घेतलं,
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
ओला दोर दुप्पट जड असतो.
मुली हसायच्या थांबेपर्यंत
मी त्याचं वेटोळं घालत राहिलो,
सावकाश.