पॉइंट तेहतीस

कूलरचं पाणी संपत आलंय
आणि निनावे मॅडमच्या प्रबंधातली नऊ पानं
तीन रांगांत बसायला तयार नाहीत.
काटोलच्या बागेतली, संत्र्याची पानं.
पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या.

प्रत्येकाला रुंदी दिली पॉइंट तेहतीस.
तीन तेहतीस नव्याण्णव,
वर एक उरतोच शंभरातला.
तरी तिसरं पान दर वेळी
खाली उतरून एकटं उभं.
काहून बे?

रात्री दीडला सापडलं.
कंस मिटवून मी एंटर मारतो ना,
त्याचीही जागा धरली जाते.
कणीएवढी. पडद्यावर दिसत नाही.
अशा दोन कण्या, की ओळ उतू जाते.

बाबा गणेशपेठेत खिळे जुळवायचे.
तिथं शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाची,
वेगळ्या खणातून उचलायची.
कधी खिशातून घरी यायची,
आई शर्ट पिळताना बोटाला लागायची.
आम्ही ती तागडीत घालून
दुकान-दुकान खेळायचो.
त्यांनी हे उभ्या उभ्या सांगितलं असतं
आणि वर म्हणाले असते, झोप आता.

ओळीच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह टाकलं.
कणी गेली.
तीन. तीन. तीन.
काटोलची बाग सरळ उभी राहिली.

सकाळी आठला मॅडमचा फोन :
"अहो, निरोगी पान राहूनच गेलं.
तुलनेला एक लागतं.
आत्ताच अंगणातल्या झाडाचं काढलंय,
कुठंतरी बसवा ना."

मी बादली घेऊन
कूलरकडे जातो.