रुपयामागं चार पैसे

जुलैची एकोणतीस. ऑफिसातला पंखा
फक्त कागद उडवण्यापुरता फिरतोय.
होळकुंदे सरांची फाईल माझ्या टेबलावर,
पुठ्ठ्यावर खडूची पांढरी बोटं.
सर लातूरला भौतिकशास्त्र शिकवतात. एका हॉलात सहाशे पोरं,
मागच्या रांगांना सर पडद्यावरच दिसतात.

यंदा नवा रकाना आलाय: आरोग्य अधिभार.
पन्नास लाखांच्या वर जे काही असेल
त्याच्यावर रुपयामागं चार पैसे.
"बघा की काहीतरी," सर म्हणाले,
"तुम्ही काढताव मार्ग."

काढतो. वीस वर्षं तेच करतोय.
हॉल बायकोच्या नावे, नोट्सची छपाई मेव्हण्याच्या,
वसतिगृह भाचीच्या, खानावळ आईच्या.
प्रत्येकाचे पंचेचाळीस लाख, सरांचे बरोब्बर पन्नास.
म्हातारी गेली मागच्या पोळ्याला.
कागदावर अजून
रोज दोन हजार डबे भरते.

"मी काय चोर हाय का?" सर म्हणाले.
नाहीत. लोहाऱ्याच्या पत्र्याच्या खोलीतून आलेत,
सायकलवर शिकवण्या केल्यात भर वैशाखात.
"आधीही भरतोच की. गेला कुठं तो पैसा?
द्यायला ना नाही, पण दिसू तर द्या कुठंतरी."
यावर मी पिन शोधत बसलो.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी मंचकला घेऊन
सरकारी दवाखान्यात असतो. मंचक माझा थोरला भाऊ.
पहाटे चारला नंबर लागतात:
चपला, पिशव्या, एक तांब्या, एक वीट.
यंत्रं पाच. पाचव्यावर दिवाळीपासून चादर.
पार्ट येणार आहे.
स्टोअरमधल्या बाबानं न विचारताच सांगितलं,
नवं घ्यायचं तर सातेक लाख.

तिथली डॉक्टर शिफा तांबोळी. औसा रोडच्या फलकावर
ती अजून हसते, सहाशे ऐंशी मार्क,
उन्हानं ओढणीचा रंग गेलाय.
इथं ती हसत नाही. तिघांचं काम एकटी करते,
आणि "हे इंजेक्शन बाहेरून आणा" म्हणताना
चिठ्ठीकडं बघते, माणसाकडं नाही.

मंचकनं विचारलं, हे रक्त धुतं म्हणजे काय करतं?
"इकडं रक्त, तिकडं पाणी, मधे पडदा.
जिकडं दाट, तिकडून विरळाकडं जातं. आपोआप.
आमच्या सरांनी ग्लासात शाईचा थेंब टाकून दाखवलं होतं."
मग नळीवर टिचकी मारून म्हणाली,
"पडदा तेवढा शाबूत पाहिजे."

एकतीस तारीख, रात्रीचे साडेदहा.
सगळ्यांना परत एका नावावर आणून पाहिलं.
सात लाख वीस हजार.
गणित चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. नव्हतं चुकलं.

फोन लावला. "सर, खानावळ आईच्या नावे नाही दाखवता येत आता."
पलीकडं नुसता वर्गाचा आवाज, कुणीतरी बाक सरकवला.
"बाकीचे?"
"बाकीचे दाखवता येतील, सर.
पण मी नाही दाखवणार."
हे वाक्य माझं नव्हतं. आलं तोंडून.
आता फाईल दुसरीकडं जाणार, मी धरूनच चाललो.

"किती होतात?"
सांगितले.
"तिथं ओळखीचं कोण हाय का?"
"शिफा तांबोळी आहे."
"घासलेट आणायला पैसे नसायचे तिच्या घरी," सर म्हणाले,
आणि फोन ठेवला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सहा आकडे आले. ओटीपी.
खाली एक ओळ:
पावती जपून ठेवा. विचारायला जाणार आहे मी.

शुक्रवारी आम्ही गेलो. चादर तीच, यंत्र तेच.
आमचा नंबर अकरावा, विटेच्या मागं.
मंचकनं विचारलं, "काय हसायलास?"
काही नाही म्हटलं. खिशात पावतीची झेरॉक्स होती,
चार घड्या घातलेली.