शब्दकोशात जोडायचं का?

नवा फळा आला त्या सोमवारी
शिपाई गोकळोनं त्याच्यापुढे नारळ वाढवला.
प्लग मात्र दुसऱ्या भिंतीला होता.
मडगावच्या आमच्या कॉलेजात, तिसऱ्या वर्षाच्या वर्गात,
कायदा अजून एक्स्टेन्शन वायरवरून येतो.

बोटानं लिहायचं म्हणे. लिहिलं.
अक्षर बोटापासून चार अंगुळं डावीकडे उमटलं,
जुन्या नकाशातला बांध
खऱ्या बांधापासून जसा सरकलेला असतो तसं.
मुलं हसली. मीही.

आता माझा प्रत्येक तास मुद्रित होतो
आणि मी बोलते त्याच्याखाली अक्षरं धावतात,
वाक्य संपायच्या आत, आज्ञाधारक, चुकीची.
'आफोरामेंत' म्हटलं की 'अफोर्ड मी टू',
'कोमुनिदाद' म्हटलं की 'कम्युनिटी डॅड',
आणि 'मुंडकार'?
'मंडे कार'.
मी पंच्याहत्तरचा कायदा शिकवत होते,
खालून दर दोन ओळींनी सोमवारची गाडी जात होती.

कॅमेऱ्याखाली केप्याचा एक जुना दस्त ठेवला.
तपकिरी शाई, नोटरीची वेलांटीसारखी सही.
याच कागदापाशी वीस वर्षं माझा निबंध अडला आहे,
तळटीप सतरा.
चतुःसीमा :
पूर्वेस ओहोळ,
दक्षिणेस देवळाकडे जाणारी वाट,
उत्तरेस फणस, दोन बुंध्यांचा,
पश्चिमेस
कसरीनं पाडलेलं भोक.
फळ्यानं कागद मोठा केला, उजळला,
आणि भोकात, कुणी न सांगता, एक शब्द भरला.
सुबक शब्द. शाईसुद्धा तपकिरी.
"पुसा तो," मी म्हणाले.
"तिथे काय होतं ते आपल्याला माहीत नाही,
एवढंच आपल्याला माहीत आहे."
परीक्षेत हे विचारतील का, असं कुणीतरी विचारलं.

दुसऱ्या बाकावर इव्हेट कुलासो. भाट तिच्या आजोबांचं.
मागे, खिडकीशी, उमेश वेळीप. घर त्याच भाटात.
एकमेकांच्या नोट्स काढतात दोघं,
गावाबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.
मामलेदारांच्या कचेरीत वेळीपच्या बापाचा अर्ज,
तेरा वर्षं, एकवीस तारखा;
बाविसाव्या तारखेला कारकुनाची बदली झाली.

त्या दिवशी उमेशनं हात वर केला.
"बाई, तुमचा तास बाबाला मोबाइलवर दाखवला.
इंग्रजी तो जोडून जोडून वाचतो.
वाचलं आणि मला विचारलं,
सोमवारची गाडी कोणाची रे? आपली?"

वर्ग हसला, पण जरा उशिरा.
इव्हेटनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
मी खडू शोधला. खडू आता नसतो.

रात्री जेवण उरकून मी दुरुस्तीला बसले.
बेचाळीस मिनिटांचा तास, एकोणीस गाड्या.
एकेक गाडी थांबवून
तिच्यातून माणूस उतरवत गेले.
एकोणिसाव्या वेळी यंत्रानं विचारलं,
हा शब्द नवा आहे. शब्दकोशात जोडायचं का?
हो.
अर्थ लिहा.

किती पानं खर्ची घातली आहेत मी या अर्थावर,
किती निकाल, किती 'तथापि', किती 'परंतु'.
सगळं बाजूला ठेवून लिहायला घेतलं :
दुसऱ्याच्या भाटात, त्याच्या संमतीनं, घर करून

चौकट तिथंच भरली. पुढचं अक्षर उमटेना.
'राहणारा' बाहेर राहिला.

मी थोडा वेळ तशीच बसले.
मग 'संमतीनं' खोडून पाहिलं.
जागा झाली,
पण तेवढ्यानं तर अख्खा दावाच पडतो.
परत लिहिलं.

उद्या पहिला तास तिसऱ्या वर्षाचाच.
गोकळोला सांगायचंय,
स्टोअरमध्ये खडूची पेटी असेल,
एखादी.