काटा

सोमवार ते शनिवार मी काट्यावर असतो,
रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरवतो.
नेग्रोस बेटावर आमच्या वाडीत
हे दोन्ही एकाच माणसाला देतात.
विश्वासू म्हणतात त्याला.

काट्याच्या तुळईखाली शिशाचा एक तुकडा आहे.
शंभराला पाच खातो.
माझ्या आधी माझा बाप होता काट्यावर, तेव्हाही होता.
ठेव असं मला कुणी सांगितलं नाही,
काढ असंही नाही.

चर्चची घंटा लाकाम्ब्रांनी दिली. बाकांवर पितळी पट्ट्या त्यांच्याच.
निवडणुकीच्या साली त्यांचा जावई पहिल्या रांगेत गुडघे टेकतो,
फोटोवाल्याचं आटपेपर्यंत उठत नाही.
पाद्रे आन्सेल्मो म्हणतात, देवाच्या घरात राजकारण नको,
आणि मग छपराच्या नव्या पत्र्यांकडे बघून
जावयासाठी प्रार्थना सांगतात.
आम्ही आमेन म्हणतो.
मीही म्हणालो आहे. मोठ्यानं.

मे महिन्यात ऊस संपतो. मेलेले महिने म्हणतात इथे त्यांना,
सप्टेंबरपर्यंत हाताला काम नाही, चुलीला काही नाही.
त्या दिवसांत हेर्मिलिना बांबूच्या खोपटात शास्त्र वाचते.
तिसरी शिकलेली, उजव्या हाताला चार बोटं,
पाचवं कोयत्यानं नेलं.
त्या संध्याकाळी तिनं द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट काढली,
सकाळी आलेल्यालाही एक नाणं, सांजेला आलेल्यालाही एकच.
क्रिस्पुलो उसळला, हा कसला न्याय?
म्हातारी बासिलिया तंबाखू थुंकून म्हणाली,
अरे, सांजेपर्यंत बाजारात उभे होते ते कोण?
ज्यांना दिवसभर कुणी बोलावलं नाही.
माझ्यासारखे असतील. गुडघे गेलेले.

मग बोलणं मजुरीवर आलं, मजुरीवरून मापावर,
आणि मापावर येताच सगळे गप्प.
माझ्याकडे कुणी बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.

हेर्मिलिनाच बोलली, हसत,
तेओदुलो, येशूला तुझ्या काट्यावर उभा केला
तर किती भरेल रे?

लोक हसले. मी हिशेब केला. सवयच ती.
सुताराचं अंग, उपासाचा माणूस,
साठाच्या वर कुठून जाणार?
साठ. माझ्या काट्यावर सत्तावन्न.
तीन किलो कमी.

तीन किलो.
माझी पुतणी जन्मली तेव्हा मीच तिला तागडीत धरली होती.
बरोबर तीन भरली होती.

घरी आलो. झोप नाही.
गव्हाणीत ठेवायचं मूल
मी दर गाडीमागे किती वेळा कापून घेतलं,
मोजायला बसलो, ते जमेना.

ऑक्टोबरमध्ये गाळप सुरू व्हायच्या आदल्या रात्री
बॅटरी घेऊन तुळईखाली शिरलो.
शिसं गंजत नाही. हाताला गार लागलं.
रविवारी ते दानाच्या ताटात टाकलं.
नाण्यांत ते असं वाजलं
की पाद्रेंचा मंत्र चुकला.

मंगळवारी मला काढलं.
बुधवारी काट्यावर माझा भाचा,
आणि तुळईखाली नवं शिसं, जुन्याहून जाड.
त्याला मी बोल लावत नाही. तीन लेकरं आहेत त्याला.

आता मी फाटकाबाहेर फणसाखाली बसतो.
तीस वर्षांची नजर आहे, ती कुणाला काढून घेता येत नाही.
गाडी आत जायच्या आधी
तिचं खरं वजन मोठ्यानं ओरडतो.
बारा टन चारशे!
तोडणीवाले मागून ओरडतात, बारा टन चारशे!
बायका वहीत लिहितात. हेर्मिलिना चार बोटांनी लिहिते.

क्रुसावरच्या मुकुटाची धूळ पूर्वी मीच पुसायचो.
बोटात काटे मोडायचे, मी रक्त चोखून
पुन्हा माझ्या काट्यावर जायचो.
एवढी वर्षं दोन्हींना एकच नाव आहे
हे कानावर पडत होतं, ऐकू येत नव्हतं.

पाद्रे हल्ली खिडकी लावून घेतात.
ठाण्यावरच्या तक्रारीत लिहिलंय,
सदर इसम फाटकाबाहेर राजकारण करतो.
असेल.
मला तर ती मिस्सामधली उत्तरं वाटतात,
एकानं म्हणायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं.

आली बघा पुढची गाडी.
टायर दबलेत.
चौदा भरेल.