पाणी जोखणे

हे इंजिन मुळात आग विझवायला जन्मलं.
दोघांनी उचलून पळावं इतकं हलकं.
कालव्यातलं पाणी ओढायचं, जळत्या छपरावर फेकायचं,
एवढंच काम.
मग कुणाच्या तरी डोक्यात आलं,
आगीकडे जे इतकं धावतं
ते नुसतंच धावलं तर?

अकराशे सीसीला दोन कमी. चार सिलिंडर.
सोमवारी रात्री लेडबरीच्या शेडमध्ये
ते टेबलावर उघडं पडलेलं,
आणि मेरिएल, माझी शिकाऊ, विचारते,
"चौथा पिस्टन वेगळा का?"

वेगळाच आहे. बाकी तिघांवर एका कारखान्याचा शिक्का,
याच्या कपाळी काहीच नाही.
सोनाराकडच्या जुन्या काट्यावर चारी ठेवले :
अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही.
उलटा केला तेव्हा दिसलं,
आतून कानशीने घासलाय.
बारीक, तिरप्या रेघा. डावखुऱ्या हाताच्या.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे रविवारचं मटण बंद झालं होतं.
आई म्हणायची, सगळा पैसा इंजिनात जातो.
सगळा गेला नव्हता, आई.
एका पिस्टनपुरता कमी पडला होता.

भिंतीवर वडिलांचा खडूचा आकडा अजून आहे : ९८.
प्रेस्कॉटची टेकडी चढून आले त्या रात्री लिहिलेला.
इतकी अश्वशक्ती कशावरून काढली,
कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
ऑब्रे थ्रॉसेलनी गाडी घेतली ती याच आकड्यावर,
आता त्यांना कागद हवा आहे.

मंगळवारी लाल रंग फासून भेगा शोधल्या.
एकही उमटली नाही.
नव्या चार पिस्टनचा खोका फळीवर होता, पैसे भरलेला.
थ्रॉसेलना फोन करून सगळं सांगितलं.
पलीकडे बराच वेळ फक्त घड्याळ ऐकू आलं,
मग म्हणाले, "तुटणार नसेल, तर राहू दे त्यांचाच."
खोक्याला परत चिकटपट्टी लावली.

मग नेहमीचंच. रिंगांची तोंडं एकमेकींपासून फिरवून ठेवणं,
बेअरिंगला तेलाचं बोट,
क्रँकवर अंशांची चकती, कॅमचं टायमिंग
एकदा, दोनदा, मेरिएल जांभई देईपर्यंत.
एका व्हॉल्व्हखाली शिम हजारांश इंचाने जाड निघाली,
काचेवर पॉलिश कागद ठेवून ती घासत बसले
आणि माझ्या लक्षात आलं की मीही
डाव्याच हाताने घासतेय,
मी, जी उजव्या हाताने जेवते.

प्लग काढून इंजिन नुसतंच फिरवलं.
तेलदाबाचा काटा शून्यावर बसून राहिला,
रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
आम्ही दोघी काही बोललो नाही.
मग उठला, एकदम चाळीसवर.
मेरिएलने टाळी वाजवली. मी तिला ओरडले. का, माहीत नाही.

ड्रॉइटविचला डेन्झिलकडे पाण्याचा ब्रेक आहे.
लोखंडी पोटात पाणी सोडायचं,
इंजिनाने ते घुसळायचं, पाण्याने इंजिनाला अडवायचं,
आणि बाहेरच्या काट्याने सांगायचं
कुणाचा रेटा किती.
ज्याने उभा जन्म पाणी फेकायचं
त्याला आता पाणीच धरून ठेवणार.

डेन्झिलचा फोन : "अंदाजे किती धरू?"
"भिंतीवर अठ्ठ्याण्णव लिहिलंय."
"भिंतीवर?"
"खडूने."
तो खोकला. "बरं. डबा घेऊन ये.
इथला चहा पिण्यासारखा नसतो."

गुरुवार, पहाटेचे साडेपाच. व्हॅनमध्ये
इंजिन चार पट्ट्यांनी बांधलंय,
कार्ब्युरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकी.
वहीत तारीख घातली, तेलाचा प्रकार, प्लगचा नंबर,
आणि आकड्याच्या रकान्यात
पेन्सिल टेकवून उचलली. एक ठिपका राहिला.

भिंत पुसावी का, मेरिएलने विचारलं होतं.
नाही म्हटलं. खाली जागा आहे.

शेडला कुलूप घालून निघाले,
माल्व्हर्नच्या टेकड्या ओलांडल्या,
आणि मग आठवलं :
डबा टेबलावरच राहिला.