बिनशिट्टीचा कुकर

आक्कानं पिंपळगावच्या शेडमधून
कांद्याच्या टरफलांचं पोतं पाठवलं,
नाशिकच्या एसटीत, कंडक्टरच्या ओळखीनं.
उचलून देताना तो म्हणाला,
‘यात काय, वारा भरलाय?’

धुतलं, वाळवलं, मिक्सरला फिरवलं.
स्टीलचा डबा, आत टेफ्लॉनची वाटी,
मापून पाणी. झाकण पान्यानं आवळलं.
एकशे ऐंशी अंशांवर सहा तास.
या कुकरला शिट्टी नसते.
मी ओव्हनपाशी स्टूल ओढलं
आणि वहीत जुने आकडे उतरवत बसले.

निघालं ते तपकिरी पाणी,
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.
निरगुडे सर दारातूनच म्हणाले, ‘जळलं.’
जळलं नव्हतं.
जळायच्या अलीकडे एक थांबा आहे,
तिथं उतरलं होतं.

गाळलं, पुन्हा गाळलं,
आणि नेमका लॅबचा यूव्ही दिवा गेला.
दुरुस्तीवाला सोमवारी येणार. आज गुरुवार.
आक्काला फोन केला:
तुझ्या शेठच्या गल्ल्यावर ते मशीन आहे ना,
नोटा तपासायचं, जांभळ्या दिव्याचं?

बाटली मांडीवर धरून संध्याकाळची बस.
कर्नावट शेठनी शटर अर्धं ओढलं,
ट्यूब बंद केली,
पाचशेची नोट काढून बाटली धरली.

निळं.
द्राक्षांवर फवारतात त्या मोरचुदाचं नव्हे,
तो रंग वरून बसतो.
हा आतून येत होता,
डोळ्यांनी कधीच दिसणार नाहीत
अशा कणांकणांतून.
शेठ बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
‘खरी आहे.’

आक्का गप्प.
तिच्या कानामागे, केसांत
सकाळचा एक पापुद्रा अडकलेला.
‘याचं करायचं काय?’
म्हटलं, बोअरच्या पाण्यात दोन थेंब टाकायचे.
लोह जास्त असेल तर उजेड मंदावतो.
‘म्हणजे विझला की कळलं?’
‘विझला की कळलं.’

ती उठली.
निवडणाऱ्या बायका जिथं पाणी पितात
त्या नळाखाली तिनं ग्लास धरला.
अकरा वर्षं ती तिथंच पाणी पितेय.
नळाला धार बारीक.
ग्लास अर्धाही भरला नव्हता, तेवढ्यात
शेठ अंधारातून म्हणाले,
‘ट्यूब लावू का आता?’