पासष्ट वॅट

साध्या कामाला तो कधीच बंद पडत नाही.
भाड्याची पत्रं, कौन्सिलचा कर,
वकिलाचा सतरा पानी अर्ज,
सगळं निमूट उघडतो, निमूट मिटतो.
पण शनिवारी रात्री
आम्ही दोघं दरीत उतरायचं,
समोरून ते पंखवालं धूड उठायचं,
आगीचे लोळ, उडते धोंडे,
गवताच्या पात्यापात्याला वेगळी सावली,
की पडदा काळा.
पंखासुद्धा गप्प.
काचेत माझंच तोंड, हेडफोन घातलेलं.

फोनवर भरतेश:
"अक्का? परत गेलीस व्हय?"
त्याला मी दिसते तशीच उभी,
तलवार अर्धी उचललेली,
मग पुसली जाते.
इथे डंडीत रात्रीचे नऊ,
इचलकरंजीत अडीच.
आठवड्यातून एवढंच आम्ही सोबत चालतो,
तेही दुसऱ्याच कुणाच्या पायांनी.

सगळं करून पाहिलं.
ड्रायव्हर काढले, घातले, जुने शोधून परत घातले.
टूथब्रशने धूळ काढली: राखाडी, मऊ,
तिच्यात एक लांब केस, माझाच.
खाली केक गार करायची जाळी ठेवली.
खिडकी उघडली तर टे नदीवरचं धुकं
थेट पलंगापर्यंत आलं.
मी शाल घेऊन खेळले,
तापमान चौऱ्याहत्तरच्या वर गेलं नाही,
आणि तरी काळा.
नोंदवहीत दर वेळी एकच ओळ:
आधीचे शटडाउन अनपेक्षित होते.
एवढंच.
कारणाच्या रकान्यात शून्य.

भरतेश मोटारी भरतो. मागाच्या, पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या.
कॉम्प्युटरमधलं त्याला फक्त खेळणं येतं.
म्हणाला, "नुसतं बसल्यावर चालतंय,
आणि लोड आला की बसतंय, बरोबर?
मग त्याला ताप न्हाई अक्का,
भूक लागलीया.
चार्जरवर काय लिवलंय ते वाच."

चार्जरवर काय लिहिलंय हे कोण वाचतं!
पालथा केला, मोबाइलचा उजेड धरला.
मुंगीएवढी अक्षरं. पासष्ट.
लॅपटॉपच्या पोटावर: एकशे ऐंशी.
बॅटरी तर दोन वर्षांपूर्वीच संपलेली, नुसती वजनाला.
मग आठवलं,
पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी सूचना यायची,
कमी क्षमतेच्या चार्जरबद्दल काहीतरी.
मीच तिच्याखाली खूण केली होती:
पुन्हा दाखवू नका.

मार्चमध्ये श्रेणिक गेला
तेव्हा टेबलाखाली दोन काळ्या वायरी होत्या,
एकाच कंपनीच्या, एकाच टोकाच्या.
घाई होती. व्हॅन खाली दुहेरी पिवळ्या रेघेवर उभी होती.
भांडी आम्ही मोजून वाटली,
पुस्तकं नावं बघून.
वायरीवर कुणाचं नाव नसतं.

नवा घ्यायचा तर ऐंशी पाउंड.
तीन दिवस त्या ऐंशी पाउंडांकडे बघत बसले.
मग मेसेज केला: माझा चार्जर तुझ्याकडे आहे.
स्वल्पविराम काढला, घातला, काढला.

पार्सल अ‍ॅबर्डीनहून आलं. चिठ्ठी नाही.
वायर नीट गुंडाळलेली,
तिला माझाच जुना जांभळा हेअरबँड.
वीट हातात घ्यावी तसा जड.
त्याचं या चार महिन्यांत काहीच अडलं नव्हतं?
विचारलं नाही. भरतेशच म्हणाला,
"मोठ्या चार्जरवर बारकं मशीन झकास चालतंय.
उलटं केलं की बोंब."

शनिवार. दरी.
धूड उठलं, लोळ, धोंडे, गवत.
पंखा विमानासारखा ओरडायला लागला,
खालच्या मजल्यावरच्या मिसेस गॉल्डीने छताला काठी ठोकली.
मी श्वास धरून काळ्याची वाट पाहत होते,
आणि उजेड काही जाईना.
इतकी वाट पाहिली की ढाल उचलायची राहिली.
मी मेले. मला वाचवायला वळलेला भरतेशही मेला.

फोनवर थोडा वेळ नुसता त्याचा टेबलफॅन.
मग म्हणाला,
"आता कसं!
मेलीस तर मेलीस, अक्का,
दिसलीस तरी."